हिरवं कुठं व्हायचं

होळी झाली, की आमच्या परड्यातल्या तळ्याचा रंग फिरायला लागतो. माघात पाणी इतकं नितळ असतं, की तळाशी पडलेल्या आंब्याच्या पानाची शीर न् शीर वरून दिसते. फाल्गुन सरता सरता त्यात पोपटी झाक उतरते, आणि पाडव्यापर्यंत पाणी असं दाटतं, की हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसेनाशी होतात. मासे आत असतात, पण दिसत नाहीत. मधूनच एखादी केशरी पाठ वर येते, ऊन अंगावर घेते आणि हिरव्यात मिटून जाते.

दहा फूट लांब, सात फूट रुंद, तीन फूट खोल. सहा हजार लिटरच्या जरा आतच बसेल एवढं पाणी. कोल्हापुरात पाया खणला की काळा दगड निघतोच. तो टाकून देणं जिवावर आलं म्हणून त्याचाच कठडा झाला. आत दोन रोहू, काही गोल्डफिश, आणि डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हिवताप विभागाकडून आणलेले गप्पी. गप्पींची मोजदाद आता कुणाच्याच्यानं व्हायची नाही. एका कडेला कुमुदिनी, आणि वर दुपारनंतर सावली धरणारा आंबा.

चैत्रात येणारं-जाणारं प्रत्येक माणूस कठड्याशी वाकतं आणि म्हणतं, "पाणी लई घाण झालंय, वैनी." मला ते ऐकवत नाही. सडलेल्या पाण्याचा वास नाकाला झोंबतो. या पाण्याला ओल्या गवताचा मंद वास आहे. यातला एकच थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरावा, मग त्याला घाण म्हणायला जीभ वळत नाही. हिरव्या कण्या तरंगत असतात. काही अगदी गोल, एकट्या. काही चौघी-चौघी ओळीनं एकमेकींना धरून राहिलेल्या. काहींना दोन नाजूक शेपट्या, आणि त्या हलवत त्या उजेडाच्या दिशेनं निघालेल्या. ती गोल आणि एकटी असते ती बहुधा क्लोरेला. मार्टिनस बायरिंक या डच शास्त्रज्ञानं १८९० मध्ये तिला पाण्यातल्या बाकीच्या गर्दीतून वेगळं काढून एकटीला वाढवून दाखवलं. पृथ्वीवर जेवढं म्हणून प्रकाशसंश्लेषण चालतं, त्यातला जवळजवळ निम्मा वाटा पाण्यातल्या अशा नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा आहे. सह्याद्रीतली जंगलं, उसाचे मळे, जगभरची गवताळ रानं हे सगळं उरलेल्या निम्म्यात येतं. कठड्याशी बसून त्या हिरव्याकडे पाहताना हे मनात आलं, की मान आपोआप खाली जाते.

तरीही ते असंच दाटत जाऊ द्यावं असं मी म्हणणार नाही. रंगाशी माझं भांडण नाही. मला काळजी असते ती पहाटेची.

दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, इतका की दुपारी दगडांवरच्या हिरव्या लवेतून बुडबुडे सुटताना दिसतात. सूर्य बुडाला की तेच शेवाळ रात्रभर प्राणवायू घेत राहतं. मासेही घेतात, गाळातले जिवाणूही घेतात. त्यातून ऊन पाणी मुळातच कमी प्राणवायू धरतं: २० अंशांना लिटरमागं सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. वैशाखात सगळ्यात कठीण वेळ असते ती उजाडण्याच्या जरा आधीची. रोहू पृष्ठभागाशी येतात, तोंडं उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. पाहणाऱ्याला वाटतं भुकेले आहेत, आणि हात चुरमुऱ्यांच्या डब्याकडे जातो. ते भुकेनं आलेले नसतात. पाण्याचा अगदी वरचा, हवेला टेकलेला पातळ थर ते तोंडात ओढत असतात, कारण खाली श्वास उरलेला नसतो. ज्यानं हे एकदा पाहिलं, त्याला हिरव्या पाण्याची नुसती कवितेसारखी ओढ परवडत नाही. दुपारचं वेगळंच. भर उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाण्याचा सामू चढतो, आणि सामू चढला की माशांनीच टाकलेला अमोनिया त्यांना जास्त बाधतो.

म्हणून आवर घालायचा. कसा, याला मात्र प्रत्येकाचं उत्तर निराळं.

सासूबाई तुरटी सांगतात. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवायची, हे त्यांच्या हाताला सवयीचं. त्यांच्या आईच्या घरी निवळीचं बी माठाच्या आत उगाळायचे, आणि मातीचे कण एकमेकांना बिलगून तळाला जायचे. दोन्ही उपाय पिढ्यांनी पारखलेले आहेत, आणि पिण्याच्या हंड्यासाठी मला ते फार आवडतात. पण हंड्यातल्या गाळाला रात्रीतून पिल्लं होत नाहीत; तळ्यातल्या शेवाळाला होतात. तासगावकडचे आमचे एक मामा द्राक्षबागायतदार. ते कठड्यावर हात टेकून म्हणाले, "चिमूटभर मोरचूद टाका, चार दिवसांत तळ दिसंल." केवडा रोगावर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारत त्यांची उमर गेली, त्यामुळे त्यांचं म्हणणं पोकळ नाही. मोरचुदातल्या तांब्यानं शेवाळ मरतंच. पण आमचं पाणी बरंचसं पावसाचं, मऊ. अशा पाण्यात तांबं माशांनाही लागतं, आणि गोगलगाई तर आधी जातात. शिवाय मेलेलं शेवाळ कुठं जातं? तळाशी. तिथं ते कुजतं, कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं, आणि ज्याच्यावर ते वाढलं होतं ते सगळं खाद्य पाण्याला परत देऊन टाकतं. पंधरवड्यात पाणी पुन्हा हिरवं, आणि तांबं मात्र गाळात कायमचं. अतिनील दिव्याची नळी बाजारात मिळते. तिच्यातून पाणी फिरवलं की सुट्ट्या हिरव्या पेशी मरतात आणि पाणी खरोखर निवळतं. दगडांना धरून राहिलेल्या शेवाळाला ती काही करत नाही, कारण ते नळीपर्यंत जातच नाही. आणि खाद्य तिथल्या तिथंच राहतं.

हे खाद्यच सगळ्याचं मूळ. ज्ञानेश्वरांनी सातव्या अध्यायात मायेसाठी शेवाळाचा दाखला घेतला आहे: पाण्यातूनच उपजतं आणि पाण्यालाच झाकून टाकतं. तळ्याच्या बाबतीतही हे अगदी शब्दशः खरं आहे. वाऱ्यावर किंवा बगळ्याच्या पायाला लागून एखादी पेशी येत असेल. बाकीचं सगळं पाण्यात आधीच असतं, आणि बहुतेक आपणच घातलेलं असतं.

१९७३ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तलाव मधोमध पडदा लावून दोन भागांत तोडला. तलावाला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता: २२६. एका बाजूला त्यांनी कर्ब आणि नत्र घातलं. दुसऱ्या बाजूला कर्ब, नत्र आणि त्यांच्या जोडीला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. विमानातून काढलेला त्या तलावाचा फोटो जगभरच्या पाण्याच्या अभ्यासकांना पाठ आहे. पडद्याच्या एका अंगाला काळसर निळं पाणी, दुसऱ्या अंगाला दाट हिरवं. धुण्याच्या पावडरींतला फॉस्फेट तलावांना काय करतो, यावर तेव्हा मोठा वाद चालू होता. त्या फोटोपुढं वाद घालणं अवघड झालं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. १८:४६ खताचं पोतं कशासाठी आणतात, हे त्याला ठाऊकच आहे. शेतात पिकाला जे लागू पडतं, तेच पाण्यात शेवाळाला लागू पडतं.

परड्यातल्या तळ्यात असं पोतं कुणी ओतत नाही. पण चिमटी-चिमटीनं तेच होत असतं. माशांच्या १०० ग्रॅम खाद्यात साधारण १ ग्रॅम स्फुरद असतो. त्यातला काही माशांच्या काट्यांत आणि मांसात बसतो, उरलेला विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून पाण्यात उतरतो. आणि एक ग्रॅम स्फुरदावर, वाळवून मोजलं तर, सुमारे १०० ग्रॅम शेवाळ उभं राहू शकतं; ओलं मोजलं तर किलोच्या घरात जातं. मूठभर दाणे टाकणारा हात किती हिरवं पेरतो, ते यावरून समजावं.

माशांना खाऊ घालण्यात आपल्याकडे पुण्य मानतात, आणि त्या भावनेला माझा नमस्कार आहे. महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडीत देवाचे म्हणून राखलेले मोठाले मासे आहेत. लोक भक्तीनं त्यांना खायला घालतात आणि कुणी त्यांना धरत नाही. नुसत्या श्रद्धेच्या बळावर तिथं मासे टिकलेत, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण ती नदी आहे. पावसाळ्यात तिला पूर येतो, आणि उरलंसुरलं सगळं ती सावित्रीत घेऊन जाते. परड्यातल्या पाण्याला जायला वाट नाही. त्यात पडलेला कणकेचा प्रत्येक गोळा तिथंच राहतो, फक्त रूप बदलतो: आधी मासा, मग विष्ठा, मग शेवाळ, मग गाळ, मग पुन्हा शेवाळ.

एकदा हे ध्यानात आलं, की प्रश्नाचं तोंडच फिरतं. हिरवं होणारच आहे. ते थोपवता येत नाही, आणि मला तर थोपवावंसंही वाटत नाही. ठरवता येतं ते एवढंच, की हिरवं कुठं व्हायचं.

आणि याचं उत्तर आपल्या परड्यांनी पूर्वीच देऊन ठेवलं आहे. जुन्या घरांच्या मागच्या बाजूला आठवून पाहा: मोरीचं पाणी बाहेर पडतं तिथं अळू, त्याला लागून कर्दळ, पुढं केळ. भांड्यांचं, धुण्याचं, न्हाणीचं पाणी या तिघांच्या मुळांतून गेल्याशिवाय पुढं सरकत नसे. हल्ली सांडपाण्यावर झाडांच्या मुळांतून उपचार करणाऱ्या पाणथळी बांधून काढतात, आणि तिथंही कर्दळ हमखास लावलेली दिसते. आमच्या आज्या-पणज्यांनी ती कुणाला न विचारता लावली होती. फडकं भिजवून ठेवायच्या जागेशेजारी एवढा मोठा कारखाना चाललेला असे आणि त्याला कुणी कारखाना म्हटलं नाही, याची मला खंत वाटते.

आमच्याकडे जनावरांना पाणी पाजायची एक जुनी दगडी डोण पडून होती. ती तळ्याच्या कठड्यावर चढवली आणि खडीनं भरली. छोटा पंप तळाजवळचं पाणी उचलून डोणीच्या एका टोकाला सोडतो. खडीतून, मुळांतून वाट काढत ते दुसऱ्या टोकाला येतं आणि बारीक धारेनं तळ्यात पडतं. पडताना हवा घेऊन पडतं, म्हणून पंप रात्रीही चालू ठेवायचा; पहाटेच्या त्या कठीण वेळेला तीच धार माशांच्या कामी येते. खडीवर हळूहळू एक बुळबुळीत थर धरतो. त्यात जिवाणूंची वस्ती असते. काही अमोनियाचा नायट्राइट करतात, काही नायट्राइटचा नायट्रेट. बायरिंकनं क्लोरेला वेगळी काढली त्याच सुमाराला सर्गेई विनोग्राद्स्कीनं झुरिकमध्ये हे जिवाणू ओळखून दाखवले. मातीतल्या जिवांच्या इतिहासात त्या काळाला मोठा मान आहे. हा थर बसायला आठवडे लागतात, आणि क्लोरीनच्या नळाखाली खडी खसाखसा धुतली की एका सकाळीत जातो. नव्या तळ्याचं पाणी पहिल्या उन्हाळ्यात हिरवं होतंच ते याचसाठी: माशांनी टाकलेलं घ्यायला अजून दुसरं कुणी आलेलं नसतं. अशा वेळी सगळं पाणी उपसून, दगड घासून, तळं लखलखीत करायचं, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

डोणीत आता अळू आहे. कोवळ्या पानाला तांबूस देठ, जुनी पानं सुपाएवढी. आळवावर थेंब टिकत नाही हे आपण संतांपासून ऐकत आलो, पण त्याची मुळं मात्र पाण्याला सोडत नाहीत. पान खुडून घरात आणलं, की तेवढं नत्र आणि तेवढा स्फुरद तळ्याच्या हिशेबातून कायमचा बाहेर पडतो. अळूवडीच्या घाण्याबरोबर तळं थोडं निवळतं, हे मी अगदी मनापासून लिहिते आहे. खुडलं नाही, तर पान तिथंच पिवळं पडून कुजणार आणि सगळं परत करणार. म्हणून खुडत राहायचं, शेजारीपाजारी द्यायचं. कुमुदिनीचंही तसंच. तिच्या पानांनी निम्म्याहून जरा जास्त पाणी झाकलं, की खाली उजेड कमी पोचतो आणि शेवाळाला आवर बसतो. पण सगळंच झाकू द्यायचं नाही. पाण्याला हवाही लागते.

सुट्ट्या पेशी अशा आवाक्यात आल्या, की पाणी निवळतं. मग उजेड तळापर्यंत जातो आणि धाग्यांचं शेवाळ डोकं वर काढतं. ही पायरी चुकत नाही. पिंजारलेल्या ओल्या लोकरीसारखं ते कडेच्या दगडांना धरून वाढतं. त्याला औषध नाही, काठी आहे. खरबरीत बांबूची काठी घालून फिरवली की ते गुंडाळत वर येतं. आलेला गठ्ठा लगेच खड्ड्यात टाकायचा नाही. रात्रभर कठड्यावर पाण्याच्या अगदी कडेला ठेवायचा. चतुराच्या अळ्या, बारक्या गोगलगाई, बेडकाची पिल्लं त्यात अडकलेली असतात. ज्यांना चालता-सरपटता येतं ती परत पाण्यात उतरतात, उरलेली आपण बोटानं सोडवायची. सकाळी गठ्ठा नारळाच्या आळ्यात.

हे धागे बहुतेक स्पायरोगायरा. अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकात ज्यांनी पाहिलंय त्यांना ती आठवत असेल: पारदर्शक पेशींच्या लांब रांगा आणि प्रत्येकीत मळसूत्रासारखी वळत गेलेली हिरवी फीत. गेल्या काही वर्षांतल्या जनुकीय अभ्यासातून असं पुढं आलं आहे, की जमिनीवरच्या सगळ्या वनस्पतींची आज हयात असलेली सगळ्यात जवळची नातलग मंडळी या स्पायरोगायराच्याच कुळातली आहेत. डोणीतला अळू, वरचा आंबा, कुंपणावरची जाई, शेतातला ऊस यांची चुलत पणजी म्हणावी अशी ही. काठीवरून तो थंड, निसरडा गठ्ठा उतरवताना माझ्या हातात घाईगर्दी राहत नाही.

अजून एक मदतनीस आहे, आणि तिला फार जण ओळखत नाहीत. ती म्हणजे जलपिसू. मोहरीहून लहान, पाण्यात टुणटुण उड्या मारत फिरते. हिरव्या पेशी हेच तिचं अन्न. ती गाळून गाळून खाते. बिनमाशांच्या डबक्यातलं हिरवं पाणी कधी कधी आठवड्यात काचेसारखं होतं ते तिच्यामुळं. आमच्या तळ्यात ती टिकत नाही, कारण गप्पींना ती डासाच्या अळीइतकीच आवडते. म्हणजे मासे जितके जास्त, तितक्या जलपिसू कमी, आणि तितकं पाणी हिरवं. वर माशांची विष्ठा ती वेगळीच. माझं ठाम मत झालंय, की परड्यातल्या तळ्यावरचा सगळ्यात मोठा उपाय दुकानात मिळत नाही. तो आहे मासे कमी ठेवण्याचा.

संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलं, की हा सगळा हिशेब मोठ्या आकड्यांत समोर पसरलेला दिसतो. दगडाच्या खाणीतून झालेला हा तलाव, रंकभैरवाच्या नावाचा, कोल्हापूरच्या माणसाच्या जिवाचा तुकडा. सांडपाणी येऊन मिळालं, आणि तिथल्या पाण्यावर नीलहरित शैवालाचे थर चढलेले, काठाला उग्र दर्प सुटलेला, हे आमच्या पिढीनं अनुभवलं. हे नीलहरित म्हणजे खरं तर शेवाळ नव्हे, जिवाणू. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ज्यांच्यामुळे हवेत प्राणवायू साठायला लागला, त्यांचेच हे वंशज. त्यांच्यातले काही विष तयार करतात. अशा पाण्यावर रसायनं फवारावीत, यंत्रांनी साय काढावी, असं कुणीतरी सुचवत राहतं. मला वाटतं, नाल्याचं तोंड जिथं आहे तिथं आधी उभं राहावं. आलेलं हिरवं काढणं हे काम कधीच संपत नाही. येणारं खाद्य वाटेत अडवलं तर ते आटोक्यात येतं. आमच्या सहा हजार लिटरांना जे कळतं, ते एवढ्या मोठ्या तलावाच्या बाबतीत शहराला कळू नये, याचा त्रास होतो.

आणि गाळ. तळाशी साठलेला स्फुरद तिथला प्राणवायू संपला की लोहापासून सुटतो आणि वर येतो. म्हणून बाहेरून काही घातलं नाही तरी जुनं तळं हिरवं होत राहतं. आपल्या गावांत उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढून शेतात पसरायची रीत होती. २०१७ मध्ये सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली, तीही याच जुन्या शहाणपणावर. आमच्याकडे मी पाइपानं तळाचा थोडा थोडा गाळ ओढून काढते, एका वेळी पाण्याचा दहावा हिस्सा जाईल एवढाच. तो गुलाबांना जातो. भर घालायची ती पिंपात मुरवून ठेवलेल्या पावसाच्या पाण्याची, किंवा एक दिवस उन्हात उघड्यावर ठेवलेल्या नळाच्या पाण्याची. धुण्याचा दगड तळ्याच्या चढाला होता, तो मोरीपलीकडे हलवला. कठडा जमिनीपेक्षा वीतभर उंच आहेच, त्यामुळे मृगाच्या पहिल्या लोटात वाफ्यांतलं शेणखत आत येत नाही.

आता राहिले दोन रोहू. बोटाएवढे असताना आले होते; आता एकेक हातभर झालाय. नदीचा मासा तो, त्याला तीन फूट पाणी किती दिवस पुरणार? तळ्यातल्या हिरव्याचा मोठा वाटा या दोघांच्या पोटातून जातो, हे गणित मला पटलंय. इतके दिवस हाताळलेल्या जिवाला घरातून काढायचं म्हणजे मन मागंपुढं होतं. पन्हाळ्याच्या वाटेवर आमच्या ओळखीच्यांचं शेततळं आहे, त्यांनी घ्यायची तयारी दाखवली आहे. पौषात न्यायचं ठरलंय, भल्या सकाळी, पिंपातलं पाणी गार असताना. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. तासाभराची वाट त्यांना सोसेल. आदल्या दिवशी त्यांना खायला घालायचं नाही, म्हणजे वाटेत पाणी खराब होत नाही. सासूबाईंना हे एवढं शेवटचं मात्र अजून सांगितलेलं नाही.